चौथा दांडा

राजे गडावर राहत आणि त्यांना प्यायचं पाणी खालच्या नदीतून वर न्यावं लागे, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट.

एका राजाने नदीवर मोठं चाक बसवायचं ठरवलं. नदीने चाक फिरवायचं, चाकाने चार लोखंडी दांडे वरखाली ढकलायचे आणि त्यांच्या रेट्याने पाणी नळातून गडावर चढायचं. दांडे घडवायचं काम गावच्या लोहाराकडे आलं.

त्याच्या गुरूने त्याला एक गोष्ट बजावून शिकवली होती. "चारही दांडे सारख्या वजनाचे हवेत. एक हलका निघाला, तर बाकीचे तीन त्याच्याइतके घासायचे. हलक्यात भर घालायची नाही."

तीन दांडे झकास उतरले. चौथा घासताना मात्र लोहाराचा हात जरा जास्तच चालला. तराजूत घालतो तर काय, पारडं वर! चाक दुसऱ्याच दिवशी सुरू व्हायचं होतं. तिन्ही दांडे पुन्हा घासायचे, तर मुहूर्त टळणार आणि भर सभेत चूक सांगावी लागणार. त्याने चौथ्या दांड्याच्या टोकाला भोक पाडलं, त्यात शिसं ओतलं आणि वरून काजळी फासली. पारडी बरोबर झाली, पण त्याचा जीव काही भांड्यात पडेना.

सकाळी चाकापाशी तेल घालायला त्याचाच धाकटा भाऊ उभा होता.

"दादा, तोंड का असं उतरलंय तुझं? काही बिघडलंय का?" भाऊ म्हणाला. "तुझे दांडे आहेत, म्हणून तर मी बिनघोर इतक्या जवळ उभा आहे!"

लोहाराने चौथ्या दांड्याकडे नजर टाकली. सांगावं का? पण समोर राजा, मागे सगळं गाव. धरेल शिसं, का नाही धरणार, अशी त्याने मनाची समजूत घातली.

राजाने हात हलवला आणि चाक फिरू लागलं. "पाणी आलं!" गडावरून आरोळी आली. लोक नाचू लागले. तेवढ्यात वेग वाढला आणि चौथा दांडा थरथरला. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही, लोहाराला मात्र ते दिसलं. भाऊ तेलाची बुधली घेऊन नेमका तिकडेच वाकला.

"मागे हो! थांबवा चाक! दांड्यात शिसं भरलंय मी!"

भाऊ दचकून मागे सरला. त्याच क्षणी शिशाचा गोळा सुटला आणि आधी त्याचं डोकं होतं तिथून जाऊन पलीकडच्या खांबात घुसला.

चाक थांबलं. भाऊ त्या खांबाकडे बघत राहिला. त्याने निदान शिव्या तरी द्याव्यात, असं लोहाराला वाटलं.

"मघाशी विचारलं होतं मी तुला," एवढंच तो म्हणाला.

लोहारासाठी आणलेला शेला राजाने परत नेला. लोहाराने गावादेखत तिन्ही दांडे उतरवले आणि भोक पडलेल्या चौथ्याच्या वजनाला घासले. मग ते चाक वर्षानुवर्षं चाललं. भाऊ मात्र तेल घालण्याआधी दर वेळी चारही दांड्यांच्या टोकांवरून बोट फिरवून बघायचा, आणि लोहार बाजूला उभा राहून ते पाहायचा.

तात्पर्य: आपण झाकलेली चूक आपल्यावर सगळ्यात जास्त विश्वास टाकणाऱ्याच्याच अंगावर येते.