हिरू कोण, पाचू कोण?

बकुळीच्या घरी चूल पेटायची ती दिवसातून एकदाच, आणि तीही पेजेपुरती. तिची आई बांबूच्या टोपल्या विणायची. पण आईला ताप आला आणि तो काही केल्या उतरेना. इवलीशी बकुळी रानातून सरपण आणी, पेज रांधी, आईच्या तापल्या कपाळावर ओली पट्टी ठेवी.

घरात हसू उरलं होतं ते एका पसरट मडक्यात. आटत चाललेल्या डबक्यातली दोन पिल्लं बकुळीने ओंजळीतून उचलून आणली होती. शेपट्या जाऊन आता त्यांचे नखाएवढे बेडूक झाले होते. कोवळ्या पानासारखे हिरवे, सोनेरी डोळ्यांचे. एक हिरू, एक पाचू. पण हिरू कोण नि पाचू कोण, हे तिचं तिलाच कळत नसे.

हल्ली दोघंही मलूल दिसत होते. "बकुळे, सोडून ये गं त्यांना," आई हळूच म्हणाली. "मडकं म्हणजे काही त्यांचं घर नव्हे."

उन्हं कलली तेव्हा बकुळी मडकं कडेवर घेऊन रानातल्या तळ्याशी गेली. जांभळी कमळं मिटायला लागली होती. एवढ्यात पाण्यावर चमचम चमचम झाली आणि त्यातून एक चिमुकली परी वर आली. तिचे पंख चतुराच्या पंखांसारखे होते. हलले की त्यांतून मोरपिशी रंग सांडत.

"डबक्यातून तू पिल्लं वाचवलीस ना? मी पाहिलंय," परी म्हणाली. "एक वर माग. पण अटी आहेत हं! सूर्य डोंगराआड जायच्या आत मागायचा. आणि त्याआधी या दोघांना आपापल्या घरी पोचवायचं."

"पोचवते की! हे काय समोरच तळं."

"हे दोघे भाऊ नाहीत, बकुळी. एक झाडावरचा बेडूक आहे, एक पाण्यातला. झाडावरचा खोल पाण्यात दमून बुडेल. पाण्यातला झाडावर सुकून जाईल."

बकुळीने मडक्यात पाहिलं. दोघे सारखेच! सूर्य डोंगराला टेकला होता. एकाला उचलावं आणि द्यावं पाण्यात सोडून. बरोबर ठरलं तर ठरलं! आई बरी होईल... तिचा हात आत गेला. पिल्लू तळहातावर बसलं. त्याचा चिमणा गळा धकधक हलत होता. बकुळी थांबली.

"परीताई, मला माहीत नाही. ओळखल्याशिवाय मी नाही सोडणार."

"सूर्य थांबायचा नाही, बाळ."

"ठाऊक आहे," बकुळी म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

त्यांची नाजूक कातडी दुखू नये म्हणून तिने हात तळ्यात भिजवले. आधी रंग पाहिला. पण मातकट दगडावर ठेवल्यावर थोड्याच वेळात एकाचा रंग मातकट झाला. छे, रंगाचं काही खरं नव्हतं! डोळे पाहिले, पाठ पाहिली. मग तिने बोटं निरखली. एकाच्या बोटांच्या टोकांना दवबिंदूंएवढ्या गोल गोल गाद्या होत्या. त्या गाद्यांनी तो मडक्याच्या उभ्या भिंतीला चिकटून वर चढला. दुसऱ्याची बोटं टोकदार होती आणि मागच्या पायांच्या बोटांमध्ये पातळ पडदा होता, पिटुकल्या पंख्यासारखा.

"हिरू, तू झाडावरचा!" तिने त्याला करवंदीच्या पानावर ठेवलं. तो सरसर वर गेला. पाचूने तळ्यात उडी घेतली. टुप्!

बकुळीने मान वर केली. सूर्य गेला होता. डोंगरावर नुसती गुलाबी कड उरली होती.

"वराची वेळ गेली," परी म्हणाली. "अट मलाही मोडता येत नाही."

बकुळीने रिकामं मडकं उचललं. "मी जाते, परीताई. आई एकटी आहे."

"थांब. वराला अटी असतात, भेटीला नसतात." परीने कमळाच्या पाकळीवरचा एक टपोरा, लखलखता थेंब पानाच्या द्रोणात ठेवला. "वर हुकला तरी चालेल, पण त्यांच्या जिवाशी चूक नको, असं वाटलं ना तुला? म्हणून ही भेट. आईच्या ओठांना लाव."

परीच्या पंखांतून सोनेरी उजेड पसरला. पानापानांवर, लाटालाटांवर तो झळाळला, आणि त्या उजेडातच परी विरघळून गेली.

थेंब ओठांना लागताच आईने डोळे उघडले. कितीतरी दिवसांनी ती उठून बसली.

"सोडलंस त्यांना?" तिने विचारलं.

"हो. ज्याच्या त्याच्या घरी."

"ओळखलंस कसं गं?"

बकुळीने आईची बोटं हातात घेतली आणि एकेक करून दाखवत सगळं सांगू लागली. ती बोटं आता तापलेली नव्हती.