उंदरीची कानटोपी बुजगावण्याच्या डोक्यावर

पंचक्रोशीत माझ्यासारखं बुजगावणं कुणाला जमत नाही. पाखरं लांबलांबून येतात. त्याच्याच खांद्यावर बसून कणसं खातात.

त्या दिवशी थंडी फार होती. आम्ही सगळे ज्वारीच्या शेतात गेलो. मुलाने काठी रोवली. सुनेने काठीला जुना सदरा चढवला. नात बकुळीने मडक्यावर कोळशाने डोळे काढले. एक मोठा, एक बारका. आजीने मडकं काठीवर पालथं घातलं. झालं डोकं.

मी काय केलं? कडब्यातून माझी लोकरीची कानटोपी ओढली. गेल्या वर्षी हरवली होती ती. झटकली, मडक्याला घातली.

आधी आत बघायला हवं होतं.

आत उंदरीची तीन पिल्लं निजली होती. ती पडली कडब्यात. टुप, टुप, टुप. अंगावर एक केस नाही. कुडकुड, कुडकुड.

उंदरी दाणे घेऊन आली. बघते तर घर बुजगावण्याच्या डोक्यावर. ती काठीवर चढली, घसरली. चढली, घसरली.

"बुजगावणेदादा, बुजगावणेदादा, माझी टोपी दे."

"माझे हात काठीचे. वाकत नाहीत. कावळ्याला सांग."

कावळा तिथेच होता. बुजगावण्याच्या खांद्यावर.

"कावळेदादा, कावळेदादा, टोपी काढ. बुजगावणं वाकेना, पिल्लांची थंडी जाईना."

"आधी भाकरी. मग टोपी."

उंदरी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. बांधावर आजी तीन दगडांची चूल मांडून बसली होती.

"आजी, आजी, भाकरी दे. कावळा टोपी काढेना, बुजगावणं वाकेना, पिल्लांची थंडी जाईना."

"चूल पेटली तर भाकरी. काटक्यांवर शेळी बसलीय. तिला उठव."

तुरु तुरु, तुरु तुरु. शेळी रवंथ करत होती. कच कच, कच कच.

"शेळीताई, शेळीताई, ऊठ बाई. आजी भाकरी देईना, कावळा टोपी काढेना, बुजगावणं वाकेना, पिल्लांची थंडी जाईना."

"आधी पाला. मग उठते. पाला आजोबा देतात."

आजोबा म्हणजे मी. मी उन्हात पाय पसरून बसलो होतो. तुरु तुरु, तुरु तुरु, आली माझ्यापाशी.

"आजोबा, आजोबा, पाला द्या. शेळी उठेना, आजी भाकरी देईना, कावळा टोपी काढेना, बुजगावणं वाकेना, पिल्लांची थंडी जाईना."

मी म्हणालो, "एवढं बुजगावणं केलं मी. दमलो. आता उठणार नाही."

उंदरीने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या पायाच्या अंगठ्याकडे बघितलं.

कुर्रर्र.

आजोबा उठले. पाला आणला. शेळी पाल्यासाठी उठली. आजीला काटक्या मिळाल्या. चूल पेटली. थप थप, थप थप, भाकरी झाली. कावळ्याने भाकरी खाल्ली. त्याची खाल्ली, माझीही खाल्ली. मग टोपीचा गोंडा चोचीत धरला. ओढला, ओढला, ओढला. टपकन टोपी खाली.

बुजगावणं वाकलं नाही ते नाहीच.

उंदरीने टोपी कडब्यात नेली. सर सर, सर सर. पिल्लं आत शिरली. एक, दोन, तीन. कुडकुड थांबली.

ऊन उतरलं. गार वारा सुटला. माझ्या टकलावरून फिरला. मी म्हणालो, "टोपी माझीच होती ना ती? आता मी डोक्यावर काय घालू?"

आजी भाकरी उलटत होती. मान वर न करता म्हणाली,

"मडकं मोकळं झालंय की. ते घाला."