दहावा उंदीर

"पण अप्पाजी, मारायचे नाहीत, तर मग मी करू काय?"

"मारू नकोस असं मी कुठे म्हटलं? किती मारलेस, एवढंच विचारलं."

महानंदा हत्तुरे मठाच्या ओसरीवर बसली होती. सोलापुरात तिचा कडक भाकरीचा कारखाना. अकरा बायका पहाटेपासून ज्वारीच्या पातळ भाकऱ्या थापत, कडकडीत भाजत, पुड्यांत भरत. समोर रेवय्या स्वामी तिनेच आणलेल्या भाकरीचा तुकडा पाण्यात भिजवत होते. त्यांना दात उरले नव्हते.

"नऊ मारले," महानंदा म्हणाली.

"आणि आज?"

"आज सकाळी पुन्हा लेंड्या. पिठाच्या पोत्यांमागे."

"म्हणजे दहावा आला."

तपासणीचे साहेब गेल्या आठवड्यात येऊन गेले होते. गुरुवारी परत येणार होते. एक जरी लेंडी दिसली तरी कारखान्याला कुलूप, असं बजावून गेले होते. आज सोमवार.

"हे सगळं त्या निलव्वामुळं," ती एकदम म्हणाली. "पीठ सांडते. आज सकाळीच घरी पाठवली तिला. म्हटलं, पुन्हा येऊ नको."

"सांडताना पाहिलंस?"

"पाहायला कशाला पाहिजे? माझ्या कारखान्यात घाण नाही, अप्पाजी. रोज दोन वेळा फरशी धुते मी. खाली वाढून घ्या, खुशाल जेवा."

"उंदीर तेच करतात."

महानंदा हसली नाही.

स्वामींनी तुकडा तोंडात टाकला, चघळला, मग काठी घेतली.

"चल. बघू."

दुपारचे दोन वाजले होते. पाळी सुटून तास झाला होता. चुली थंड होत आल्या होत्या. फरशी खरोखरच चकचकीत होती, अजून ओली. खोलीच्या मधोमध चिकट पुठ्ठ्याचे सापळे एका रांगेत मांडलेले, जेवणाच्या पंगतीला पानं मांडावीत तसे.

स्वामींनी सापळ्यांकडे पाहिलं नाही. पोत्यांमागे वाकले नाहीत.

"दिवे बंद कर."

तिने केले.

"खिडक्या लाव. दारही."

"टॉर्च आणू?"

"नको."

"मग दिसणार काय, अप्पाजी?"

"बस खाली."

दोघं ओल्या फरशीवर बसली. काळोख...

"काहीच दिसत नाही हो."

"डोळ्यांना घाई करू नकोस."

बाहेरून कुणाची तरी सायकल गेली.

मग दाराखाली उजेडाची एक रेघ दिसू लागली. मग गॅसचा पाइप भिंतीतून आत येतो तिथे, पाइपच्या भोवती, एक बारीक कडं.

"ते बघा!" महानंदा कुजबुजली. "आणि ते..."

"आणखी?"

तिने मान वळवली. पलीकडच्या कोपऱ्यात, जमिनीलगत, चांगला तळहाताएवढा उजेड आत आला होता. धुतलेल्या फरशीवर तो लांबपर्यंत पसरला होता.

स्वामी उठले. चाचपडत तिथे गेले आणि त्यांनी काठी त्या उजेडात घातली. काठी मुठीपर्यंत आत गेली. बाहेर बोळात एक कुत्रं भुंकलं.

"ही मोरी केव्हाची?"

"दिवाळीत भिंत फोडून करून घेतली."

"कुणी?"

"मीच. एवढी फरशी धुवायची, तर पाणी जायला वाट पाहिजे ना."

"जाळी नव्हती?"

"होती. कोंडा अडकून पाणी तुंबायचं. म्हणून काढून टाकली."

"आणि उंदीर केव्हापासून?"

अंधारातच महानंदा बोटांवर महिने मोजू लागली. दुसऱ्या पेरावर थांबली. "दिवाळीपासूनच."

"करंगळी जाते तिथून पिल्लू जातं," स्वामी म्हणाले. "उजेड दिसला तेवढा सगळा बंद कर. मग आत कोण राहिलं ते बघ."

मंगळवारी गवंडी आला. मोरीला बारीक छिद्रांची लोखंडी जाळी बसली, अशी की कोंडा काढायला वरून झाकण उघडता यावं. पाइपभोवतीच्या फटीत भांडी घासायची तार कोंबून वर सिमेंट लिंपलं. दाराखाली पत्र्याची पट्टी ठोकली. पोती भिंतीपासून हातभर सरकवून फळ्यांवर चढवली. सापळे मधून उचलून भिंतीच्या कडेला नेले, कारण उंदीर भिंत सोडून सहसा चालत नाही. त्यांच्या शेजारून महानंदाने रांगोळीच्या पुडीचा पट्टा ओढला.

बुधवारी सकाळी पट्ट्यात इवली पावलं उमटली होती. सापळ्यात एक उंदीर होता. आतच कोंडला गेलेला.

गुरुवारी पट्टा टाकला तसाच होता. महानंदा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाकून पाहत गेली. मग उलट पाहत आली. मग तिथेच भिंतीला टेकून खाली बसली.

साहेब अकराला आले. पोती हलवायला लावली. पोत्यांमागे, पाइपमागे, चुलीखाली पाहिलं. मोरीच्या जाळीवर बूट दाबून पाहिला. कागदावर सही केली आणि जाताना विचारलं, "शेंगाचटणीपण करता का?"

स्वामी दाराशी स्टुलावर बसले होते. महानंदा त्यांच्याजवळ आली. पदराने डोळे पुसत होती आणि हसत होती, दोन्ही एकदमच.

"सुटले हो अप्पाजी. कुलूप टळलं."

"टळलं."

"आता मुंगी शिरायची नाही आत."

"मुंगी शिरेल," स्वामी म्हणाले. "तेवढी हुशारी राहू दे तिच्याकडे."

आता मात्र ती मोकळेपणी हसली. आतल्या बायकाही हसल्या. कुणीतरी तवा चढवला.

हसता हसता तिची नजर बाहेर गेली. बोळाच्या पलीकडे कडुनिंबाखाली निलव्वा उभी होती. साहेब आलेत असं ऐकून आली असावी. कारखाना बंद होतो की काय, ते बघायला. पुढे मात्र येत नव्हती.

महानंदाचं हसू थांबलं.

"ती आलीय, अप्पाजी."

"दिसतेय."

"सगळ्यांसमोर बोलले मी तिला. नाही नाही ते बोलले... आणि मोरी करून घेतली मी. जाळी काढली मी." ती पदराचं टोक पिळत राहिली. "आता काय सांगू तिला? कुठून सुरुवात करू?"

स्वामी निलव्वाकडे पाहत होते.

"ते नंतर, अक्का. आधी विचार, जेवलीस का."