बारा रेघांचं घर

खूप खूप वर्षं झाली या गोष्टीला. किती, ते विचारू नका. तेव्हा वर्षं मोजायला कुणाला फुरसत नव्हती. पोरांनो, पुढं सरकून बसा. आणि पोरांच्या आयांनो, तुम्हीही कान इकडं द्या, कारण या गोष्टीतली चूक पोरं करत नाहीत, मोठी माणसंच करतात.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाला दगडी वेस होती, वेशीत एक वेसकर होता, आणि वेशीबाहेर चिंचेखाली मोकळा तळ होता. फिरस्ती माणसं तिथं पाल ठोकून राहायची.

त्या तळावर एक सून आणि तिची सासू येऊन उतरल्या. सुनेचं नाव हौसा. घरात पुरुषमाणूस उरला नव्हता. दोघी टोपल्या आणि सुपं विणून पोट भरायच्या. त्यांच्या जुन्या गावचं वेळूचं बन एका वर्षी फुलोऱ्यावर आलं आणि उभ्या उभ्या वाळून गेलं. वेळू फुलला की मरतो. बनच गेलं, मग तिथं बसून करणार काय? या गावामागच्या डोंगरात मात्र हिरवागार वेळू दाटला होता.

सगळं जमण्यासारखं होतं, फक्त डोक्यावर छप्पर नव्हतं. वेळूच्या चिरलेल्या कामट्या उन्हात तडकायच्या. गारठ्यात सासू रात्रभर खोकायची. त्यात जत्रा तोंडावर आली. वेसकरानं बजावलं, "अमावास्येपर्यंत तळ रिकामा करा. इथं जत्रेच्या गाड्या लागतात." खोली मिळाली तर गाव मिळणार, नाहीतर पुन्हा पायपीट. आणि सासूच्या गुडघ्यांत आता पायपीट उरली नव्हती.

गावात भाड्याच्या खोल्या एकाच बाईच्या होत्या. लोक तिला मोठ्या काकी म्हणत. खोली मागायला गेलं की काकी जात विचारायची नाही, की मूळ गाव विचारायची नाही. एकच विचारायची, "तुझ्या चुलीवर रोज किती भाकरी होतात?" सांगाल तेवढ्या रेघा ती गेरूनं तुमच्या चौकटीवर ओढायची. भाडंही त्या रेघांवरच ठरायचं.

हे हौसाला सांगितलं शेजारच्या पालातल्या अत्तरवाल्यानं.

"तुमच्या किती होतात, ताई?" त्यानं विचारलं.

"तीन. दीड माझी, दीड आत्याबाईंची."

"दीड कुठली गं?" पालाच्या आतून सासू म्हणाली. "एक माझी, दोन तुझ्या. खरं तेच सांग की."

अत्तरवाला हसला. "ताई, तीन सांगाल तर दारातनंच परत फिराल. तीन भाकरीच्या घरातनं कसलं भाडं निघणार, असं म्हणेल ती म्हातारी. बारा सांगा. बारा ऐकलं की माणसं बसायला पाट देतात."

"आणि बारा होत नसल्या तर?" सासूनं तोंड बाहेर काढलं.

"चुलीत कोण डोकावून बघतंय, आजी?"

"तीन होतात तर तीन सांगावं," सासू म्हणाली. "घर मागायला जायचंय का नाटकात उभं राहायला?"

"आत्याबाई, तुम्ही गप्प बसा," हौसा फणकारली. "तुमच्या खऱ्यानं आजवर किती घरं बांधली ते बघतेच आहे मी. झोपतोय चिंचेखाली!"

सासूनं तोंड आत घेतलं. अत्तरवाला दुसऱ्या दिवशी पहाटे पाल गुंडाळून निघून गेला. सल्ला देणारी माणसं अशीच असतात. सल्ला निस्तरायला कधी थांबत नाहीत.

हौसा काकीकडं गेली. काकी उंबऱ्यावर वाती वळत बसली होती. तिच्या कमरेला दोनच किल्ल्या लोंबत होत्या, एक लहान, एक मोठी.

"तुझ्या चुलीवर रोज किती भाकरी होतात?"

"बारा," हौसा म्हणाली. आवाज थोडा चिरकला, पण म्हणाली.

काकीनं तिच्या बोटांवरचे कामटीचे वळ बघितले. लुगड्याचं ठिगळ बघितलं. "टोपल्यांवर बारा?"

"धंदा तेजीत आहे, काकी."

"बरं. मी कुणाच्या चुलीत वाकून बघत नाही. तू सांगितलंस, ते खरं." लहान किल्लीवरचा हात तिनं उचलला आणि मोठी किल्ली हौसाच्या हातात दिली.

खोली होती माडीवर. ऐसपैस, दोन खिडक्यांची. चौकटीवर बारा लालभडक रेघा. हौसाचा ऊर भरून आला. सासू मात्र प्रत्येक पायरीला एकेका देवाचं नाव घेत वर चढली आणि धापा टाकत म्हणाली, "हे बारा भाकरीचं घर चढायलाच चार भाकरी लागतात गं बाई."

दिवेलागणीला दार वाजलं. दारात तीन माणसं, अंगभर धूळ.

"बाराचं घर हेच ना? वेसकरानं पाठवलंय. जेवायला."

हौसा बघतच राहिली. तिला काय माहीत? त्या गावात खाणावळ नव्हती. गावात शिरलेल्या वाटसरूला वेसकर चौकटीवरच्या रेघा बघून घर नेमून द्यायचा. चार रेघांच्या आत असलेल्या घराकडं कुणी पाहुणा जायचा नाही. बाराच्या घराला रोज तीन. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं, म्हणून ते कुणी सांगत बसायचं नाही. हौसानं कधी तळावरून वेशीच्या आत जेवण मागितलं नव्हतं, म्हणून तिलाच तेवढं ठाऊक नव्हतं.

तेव्हाच खाली काकीकडं जाऊन खरं बोलली असती तर गोष्ट तिथंच संपली असती. पण जीभ एकदा बारा म्हणाली की तिला परत तीन म्हणायची लाज वाटते. हौसानं समोरच्या घरातून पीठ उसनं आणलं, पाहुण्यांना वाढलं आणि मनात म्हणाली, एक दिवसाचं तर आहे.

सकाळी उठून बघते तर जिन्यात बायांची रांग. प्रत्येकीच्या हातात तांब्या.

"काय हवंय?" हौसानं विचारलं.

"ताक," पहिली बाई म्हणाली. "आमची दोन रेघांची घरं. ताक बाराच्या घरनं मिळतं आम्हाला. म्हैस कुठं बांधलीस गं? दिसली नाही."

सासूनं पदर सावरला आणि गंभीरपणे सांगितलं, "म्हैस माहेरी गेलीय."

बाया हसत हसत उतरल्या. जिन्यातून आवाज आला, "बाळंतपणाला गेली असेल हो!" सगळी गल्ली त्या दिवशी म्हशीच्या माहेरपणावर हसत होती.

मग जत्रा लागली आणि एक पैलवान आला. आला तो पाटावर मावेना. पहिली भाकरी त्यानं घडी करून एका घासात संपवली. "वाढा, वहिनी! बाराचं घर आहे, लाजायचं कसलं?" हौसा थापतेय, सासू भाजतेय, पैलवान खातोय. दोघींनी त्या रात्री तवा चाटायचाच बाकी ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी जिन्यावर त्याची पावलं वाजली तशी हौसा दारातच उभी राहिली. "आज आमच्याकडं एकादशी आहे, भाऊ."

पैलवान बिचारा हात जोडून गेला. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा आला.

"आज एकादशी," हौसा म्हणाली.

"काल पण होती की, वहिनी!"

"कालची आमची होती," आतून सासू ओरडली. "आजची म्हशीची आहे!"

हसताय ना? हसा. पण हौसाचे हाल बघा. दिवसभर विणायचं, संध्याकाळी थापायचं, उसन्या पिठाची परतफेड दुसऱ्या उसन्या पिठानं करायची. भाकरी इतकी पातळ झाली की तिच्यातून पलीकडचा दिवा दिसायचा. सासूची भाकरी अर्धी झाली, मग चतकोर झाली. "मला आताशा भूकच लागत नाही," असं ती म्हणायची आणि खिडकीकडं तोंड फिरवायची. माडी तर मिळाली होती, पण माडीत बसून जेवणाऱ्या दोघीच उपाशी होत्या. रेघांच्या मानानं भाडंही द्यायचं होतं, आणि ते थकलं तर पुन्हा चिंचेखाली.

एका संध्याकाळी दार अगदी हळू वाजलं. बाहेर एक तरणी बाई उभी होती. कडेवर तान्हं मूल, पायांत वहाण नाही.

"वेसकरानं पाठवलंय," ती म्हणाली. "सकाळपासून चालतेय. पोटात काही नाही, म्हणून याला दूध उतरत नाही. तो म्हणाला, बाराचं घर आहे, पोटभर मिळेल."

हौसानं पिठाचा डबा उघडला. डब्यात तळ दिसत होता. समोरच्या घरानं सकाळीच उसनं द्यायला नकार दिला होता. चुलीजवळ एक चतकोर होता, सासूचा.

सासू उठली. तिनं तो चतकोर त्या बाईच्या हातावर ठेवला. ती बाई खोलीभर बघत राहिली, दोन खिडक्या, उंच छत, चौकटीवरच्या बारा रेघा. तिला कळेना, एवढ्या घरात एवढीच भाकरी कशी? मूल रडायला लागलं. ती त्याला थोपटत राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं.

"वेसकरानं आणखी कुठलं घर सांगितलं होतं का?" हौसानं विचारलं.

"खालच्या आळीला एक होतं. पण तिथं एकाच पाहुण्याला जेवण मिळतं, आणि आज आधीच एक म्हातारा तिथं जेवायला गेला. वेसकर मला म्हणाला, तू बाराकडंच जा."

इतके दिवस तिला वाटत होतं, आपलं खोटं आपणच भोगतोय, दुसऱ्याचं काय गेलं? आता ते दुसऱ्याचं जे गेलं होतं, ते समोर कडेवर रडत होतं.

तिनं ओलं फडकं घेतलं, बाहेर आली आणि चौकट पुसायला लागली. गेरू ओघळून हात कोपरापर्यंत लाल झाला. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. कुणीतरी ओरडलं, "काय करतीस गं?" ती थांबली नाही. नऊ रेघा पुसल्या, तीन ठेवल्या. मग त्या बाईचा हात धरून ती काकीच्या उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली.

"काकी, तीनच होतात. मी खोटं बोलले. हिला आधी जेवायला घाला, मग मला हाकला."

काकीनं आधी त्या बाईला पाटावर बसवून दूधभाकरी वाढली. मूल शांत झालं, तेव्हा ती हौसाकडं वळली.

"मी भाकरी का विचारते, काय वाटलं तुला?"

"गरिबाला खोली मिळू नये म्हणून."

"मूर्ख आहेस!" काकी कडाडली. "कुणावर किती ओझं टाकायचं, ते कळावं म्हणून विचारते. आमच्या गावात लोक ओझं चुकवायला कमी सांगतात, त्यांना मी बरोबर ओळखते. जास्त सांगणारी तूच पहिली भेटलीस! तीन म्हणाली असतीस तर ही लहान किल्ली तुझीच होती. विहिरीला लागून, जिना नाही, भाडं पाव. रोज ताक घरी आलं असतं. तू बारा म्हणालीस आणि मी ती खोली चार दिवसांनी कल्हईवाल्याला दिली."

हौसानं मान खाली घातली. मागून जिना उतरून आलेली सासू म्हणाली, "जिना नव्हता? ऐकलंस का गं, जिना नव्हता!"

काकीला हसू आलं, पण तिनं ते लगेच गिळलं. "माडी उद्या सोडायची. गोठ्याची पडवी रिकामी आहे, तिथं राहा. शेण तू काढायचंस. कल्हईवाला गेला की खोली तुझी. तो पिढ्यान्‌पिढ्या राहिला, तर तू पडवीत पिढ्यान्‌पिढ्या."

दोघी पडवीत आल्या. शेणाचा वास होता, माश्या होत्या, आणि शेजारची गाय रात्री सासूपेक्षा मोठ्यानं खोकायची. पण पडवीत सावली होती, कामट्या तडकत नव्हत्या. उसन्या पिठापायी हौसानं समोरच्या घराला सुपं विणून दिली. काकीनं पडवीच्या चौकटीवर तीन रेघा ओढल्या, म्हणून सकाळी ताकाचा तांब्या यायला लागला. ताक आणणारी बाई रोज विचारायची, "म्हैस आली का गं माहेरून?" आणि हौसा रोज हसायची. तीन भाकरीत पुन्हा दोघींचं पोट भरायला लागलं.

पुढच्या वर्षी अत्तरवाला परत आला. हौसाला शोधत पडवीत डोकावला. "काय ताई, बारा म्हणालात ना? मग गोठ्यात कशा? बरं असू दे, लांबनं आलोय, जेवायला वाढा."

सासूनं काठीनं चौकटीवरच्या तीन रेघा दाखवल्या. "आमच्याकडं पाहुणा बसत नाही बाबा, गावचा नियम आहे. हे तांब्याभर ताक पी, आणि जाताना त्या गाईला तुझं अत्तर लाव. तुझ्या सल्ल्यापायी वर्षभर तिचा वास घेतोय आम्ही."

पोरांनो, घर मागताना आपली चूल आहे तेवढीच सांगावी, कारण फुगवून सांगितलेली भाकरी शेवटी कुणातरी भुकेल्याच्या ताटातून कमी होते.