तोंडपाठ नियम

इंग्रजी शिक्षिकेच्या जागेसाठीच्या मुलाखतीत शार्वरी पार गोंधळली. क्रियापदाचं नाम करताना ‘अरेंज’ला ‘मेंट’ लागतं, मग ‘अराइव्ह’ला ‘अल’ का? तिला नियमच सापडेना.

मुख्याध्यापक खांबेटे गुरगुरले, “आम्हाला नियम तोंडपाठ आहे. मला आणि या पर्यवेक्षक वासंतीबाईंनाही. तुम्हाला नोकरी कशी द्यायची?”

“मग तुम्हा दोघांचं उत्तर एकच येईल ना, सर?” शार्वरीने फळ्यावर मनानेच रचलेलं क्रियापद लिहिलं, ‘ट्रोज’. “याचं नाम करा. एकमेकांचं न बघता.”

खांबेट्यांनी लिहिलं ‘ट्रोजमेंट’, बाईंनी ‘ट्रोजल’.

“गोंधळ तिघांचाही आहे, सर. कबूल मी एकटीने केला.”

वासंतीबाईंना हसू आवरेना. “सर, हिला सोमवारपासून बोलवा. पोरांशी खरं तरी बोलेल!”