लोणी खाऊनही दुखलं नाही

"मग दुखतच नाही, तर ऑपरेशन कशाला करू, भंतेजी?"

संघमित्रा विहारात भंतेजींपुढे बसली होती. दीड वर्षाचं लेकरू मांडीवर झोपलेलं.

"कसलं ऑपरेशन?" भंतेजींनी विचारलं.

"पित्ताच्या पिशवीत खडे आहेत माझ्या. आधी तेलकट खाल्लं की गडाबडा लोळायचे. डॉक्टर म्हणाले, पिशवी काम करते का बघू. उपाशीपोटी सोनोग्राफी केली. मग पावाला हे एवढं लोणी लावून खायला घातलं आणि पुन्हा मशीन फिरवली."

"मग?"

"पिशवी आकसायला पाहिजे होती म्हणे. होती तेवढीच राहिली. आता काढा म्हणतात. आमचे हे म्हणतात, डॉक्टरांना कापायचीच हौस."

"आणि तू काय म्हणतेस?"

तिनं मान वर केली. "ध्यानाच्या शिबिरात तुम्हीच शिकवलंत ना, दुखणं नुसतं बघा. मी बघत बसले. गेलं! एवढं लोणी खाऊनसुद्धा दुखलं नाही. बाकीच्या बायकांना जमलं नाही, मला जमलं."

"कुठं गेलं?"

"...गेलं म्हणजे गेलं."

भंतेजींनी लेकराकडे बघितलं.

"याला मध्ये ताप आला होता ना?"

"फणफणला होता. सारखा रडायचा. कुणाकडे जाईना."

"मग?"

"मग एकदम गप्प झाला. डोळे उघडे, पण आवाज नाही."

"बरं वाटलं असेल तुला."

"काय बोलता भंतेजी! काळीज फाटलं माझं. अनवाणी पळाले दवाखान्यात."

"का? रडत तर नव्हता."

तिचा हात आपोआप उजव्या बरगडीखाली गेला.

बाहेर कुणीतरी झाडत होतं.

ती हळू बोलली, "भुलीतून मला जागच आली नाही तर? हा अजून माझ्याशिवाय झोपत नाही... याला कोण बघेल?"

येईल जाग, असं भंतेजी म्हणाले नाहीत. भिक्खूंच्या नियमाप्रमाणे बाईच्या हातून ते थेट काही घेत नसत. त्यांनी खांद्यावरचं वस्त्र काढलं, तिच्यापुढे जमिनीवर पसरलं आणि थांबले.

ती त्या वस्त्राकडे बघत राहिली. मग तिनं लेकरू उचललं, छातीशी धरलं... आणि हळूच त्यावर ठेवलं. ते कुशीवर वळलं. उठलं नाही.

तिचे हात मोकळे झाले.

"उद्याच जाते. पण भंतेजी, जाग आली तर तेव्हा काय करू?"

"जाग आली तर दुखेल. तेव्हा बघत बसू नकोस. मोठ्यानं रड."