लोखंडाचा मेव्हणा

फार वर्षांपूर्वी, काळकड्यावर खालून फक्त मधमाश्या आणि ढग पोचायचे, तेव्हाची ही गोष्ट. कड्याखालच्या वाघदऱ्यात नवसू राहायचा. मध काढणारे तेव्हा वरून दोर सोडून उतरत. खालून कडा चढायचं खूळ शिरलं ते एकट्या नवसूच्या डोक्यात. नांगराचे मोडके फाळ लोहाराकडे नेऊन त्याने कडीच्या मेखा करून घेतल्या. मेख कपारीत ठोकायची, कडीतून दोर ओवायचा आणि आणखी वर सरकायचं. हातोडीची ठणठण ऐकून माश्याही त्याला वाट देत, असं म्हणतात.

खाली दोर धरायचा तो मात्र बायकोच्या भावानेच. बहिणीचं कुंकू राखायचं म्हटल्यावर भाऊ दोर सोडत नाही, म्हणून ही रीत. नवसूचा मेव्हणा गोमा. एकदा नवसू निसटला, तेव्हा दोराच्या फासात गोमाची दोन बोटं गेली, पण दोर सुटला नाही. त्यानंतर त्याची पकड ढिली झाली. गोमा हे कुणाला सांगत नसे, पण नवसूने ते ओळखलं होतं.

पुढे लोहाराकडे नवसू एक आकडा घडवू लागला. झटका बसला की दोर आपोआप पकडून ठेवणारा. झालं! गावाला चघळायला विषय मिळाला. "गोमा, तुझ्या दाजीनं लोखंडाचा मेव्हणा केलाय रं!" गोमाला ते फार लागलं.

चढाईच्या दिवशी बहीण ठकी बोलवायला आली. "दादा, चल की. ते कड्याखाली थांबल्यात."

"न्हाई येत. लोखंडाचा मेव्हणा हाय की त्यांना."

नवसूने दुपारपर्यंत वाट पाहिली. मग तो एकटाच चढला. एक मेख निखळली, दोर सरसरत गेला, आणि खाली धरायला कुणीच नव्हतं.

ओरडा ऐकून गोमा धावत आला, तेव्हा त्याच्या नेहमीच्या बसायच्या दगडावर तो आकडा ठेवलेला होता. त्याला लाकडी मूठ होती. गोमाने ती धरली. त्याची उरलेली तीन बोटं तिच्या खाचांत नेमकी बसली. मूठ त्याच्यासाठीच कोरलेली होती. गोमा तिथेच लहान पोरासारखा रडला.

दरी धुंडाळली, पण नवसू सापडला नाही. दुसऱ्या सकाळी पाहतात तर मेखा थेट माथ्यापर्यंत ठोकलेल्या. नवसूच पुरा कडा चढून गेला, असं म्हणतात. सगळ्यांनी हात जोडले. गोमा तेवढा म्हणाला, "मग त्यांचा दोर कुणी धरला?"

आजही वाघदऱ्यात खालून "धरलाय, दाजी!" अशी हाक आल्याशिवाय कुणी कड्याला पाय लावत नाही. आणि वर्षातून एकदा, नवसू गेला त्या दिवशी, दोर कड्याला लावतात. चढत कुणीच नाही. गावातले सगळे मेव्हणे खालचं टोक धरून दिवस मावळेपर्यंत बसतात. कधीकधी वरून दोराला ओढ लागते, असं म्हणतात. तेव्हा ते पकड आणखी घट्ट करतात.